बागेच्या मधला हिरवा गोल

"चप्पल काढा, सायेब."

तिच्या शेतात येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी हे सांगायची. तलाठ्यालाही सांगितलं होतं, आणि म्हणे एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही. मी पवनीहून सकाळच्या एसटीनं येऊन, फाट्यापासून दोन मैल चालून, घामानं निथळत तिच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिलो, तर बाईनं रामराम करायच्या आधी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मला वाटलं, शेताला देव मानणारी कुणी भाविक बाई असेल. छे! भाविकपणाशी तिचा काही संबंध नव्हता.

"चपलीतून का समजते जी? पाय ठेवा, मंग बोला."

आणि डोळे मिटून ती चालायला लागायची. दहा पावलं, पंधरा पावलं. मध्येच थांबायची. "इथून बदलली." पुन्हा चालायची. "हे बरड. हे अजून बरड." बरड म्हणजे मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. मी मागून मातीचे नमुने घ्यायचो, पिशव्यांवर नंबर टाकायचो, आणि प्रयोगशाळेतून निकाल आला की गुपचूप तिच्या पायांशी ताडून पाहायचो. बहुतेक वेळा पाय बरोबर निघायचे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. कृषी खात्यात नवा होतो, डिग्रीची गुर्मी अंगात होती, आणि पायानं माती ओळखतात हे कबूल केलं तर मग मला पगार कशाचा, हा प्रश्न होताच.

तिचं माहेर लाखांदूरकडचं. आठव्या वर्षापासून ती रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, चिखलात उभी. ज्या बाईनं घोटाभर चिखलात दिवसदिवस वाकून धान लावलंय तिला कोणत्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाय किती रुततो, कुठं गार लागतो, कुठं खडा टोचतो हे सगळं पाठ असतं. यात चमत्कार काही नाही. तुम्ही आम्ही बूट घालतो म्हणून आपल्याला चमत्कार वाटतो.

पण ती धान लावत नव्हती. हसू नका. तिनं द्राक्षं लावली होती.

भंडारा जिल्ह्यात, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, द्राक्षं! चहूबाजूंनी धान, बोड्या, तलाव, आणि मध्ये या बाईचा बांबूचा मांडव. नवरा तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता. लग्नानंतर दोन महिने सासरी राहून ती जी त्याच्याबरोबर खाणीच्या चाळीत गेली, ती नवरा गेल्यावरच परत आली. सोबत एक मुलगी, शेवंता. भावकीत वाटणी झाली. नवऱ्याचा थोरला भाऊ गावचा सरपंच. त्यानं नदीकडच्या कन्हाराच्या, म्हणजे काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीच्या बांध्या स्वतःकडे ठेवल्या आणि हिला शिवाराच्या टोकाचा अडीच एकराचा उंचवट्याचा तुकडा दिला. तिथं धान होईना. नाशिककडे दिलेल्या भाचीच्या घरी ती एकदा जाऊन आली होती. तिथल्या मुरमावर द्राक्षं झुलताना पाहिली, ओल्या पोत्यात गुंडाळून भोकरी द्राक्षाच्या काड्या घेऊन आली, आणि मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "धानाले बरड चालत नाही तं काय झालं? बरडाले चालनारं काहीतरी असनच नं?"

मला तिचं हे बोलणं फार आवडलं. आजही आवडतं.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला तिकडे भासरा म्हणतात, आणि धाकट्याच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. समोर यायचं नाही, आलंच तर पदर पुढे ओढून पाठ फिरवून उभं राहायचं, आणि काही सांगायचंच असलं तर मध्ये तिसरं माणूस धरून सांगायचं. तिसरं माणूस नसलं तर भिंतीला सांगायचं, गाईला सांगायचं, ऐकायचं त्यानं. ही माझ्या तोंडावर माझी अक्कल काढणारी बाई, पण भासरा धुऱ्यावर दिसला की पाठमोरी होऊन वेलीशी बोलायला लागायची. "कोनी तरी सांगा वं त्याहिले, बैल आमच्या बागेत घुसून राहिले."

आणि दुसरी गोष्ट. वाटणीच्या वेळी सरपंचानं पंचांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की, तुकडा उंच आहे, मुरमाड आहे, पण सगळा एकसारखा आहे, आत काही खोट नाही. खोट निघाली तर तेवढी जमीन मी माझ्या कन्हारातून बदलून देईन. हे तिनं मला चहा पाजता पाजता दोनदा ऐकवलं. कन्हारातली बांधी तिला हवी होती. शेवंताच्या नावावर एक तरी अशी बांधी असावी जिथं आकाशातून पडलेलं पाणी थांबतं, एवढीच तिची इच्छा होती.

पहिली दोन वर्षं खोट कुणाला दिसलीच नाही. दिसलं ते उलटच. बागेच्या बरोबर मध्ये, अर्ध्या एकराच्या गोलात, वेली अशा माजल्या की बघत राहावं. पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, काळीभोर हिरवी, फुटवे मांडवाबाहेर लोंबणारे. कडेच्या वेली मात्र बेताच्या, लहान पानांच्या. गाव बाग बघायला यायचं ते थेट मधल्या गोलात जाऊन उभं राहायचं. धानाच्या मुलखातली नजर ती! हिरवंगार म्हणजे चांगलं, पाणी थांबलं म्हणजे देव पावला. सरपंच तर पाहुण्यांना घेऊन यायचा आणि हात पसरून म्हणायचा, "पाहा, कशी जमीन देल्ली म्या भावाच्या बायकोले!" ती स्वतःही खुळावली. गोलाभोवती तिनं धुरे घातले, पावसाचं पाणी आत अडवलं, शेणखताच्या पाट्या आधी तिथंच रिकाम्या केल्या. धानाच्या बाईनं पाणी वाहून जाऊ द्यायचं म्हणजे कसं?

आणि मी? मी शहाणा! मी माझ्या वहीत लिहिलं, "बागेचा मध्यभाग उत्कृष्ट." ती एकदा त्या गोलात अनवाणी उभी राहून म्हणाली होती, "सायेब, इथं पायाले गार लागते. उन्हाळ्यातही लागते. असं काहून?" मी हसून सांगितलं की ओल चांगली आहे, आनंद माना. ती म्हणाली, "असं का जी." ती हे दोन प्रकारे म्हणायची. पटलं तर "असं का!" आणि पटलं नाही तर शेवटी 'जी' लावून, अगदी नरम आवाजात. मला तेव्हा फरक कळत नव्हता.

तिसऱ्या वर्षी फळ धरलं. कडेच्या बेताच्या वेलींना, त्या हडकुळ्या दिसणाऱ्यांना, घट्ट, पिवळसर, गोड घड लागले. मधल्या माजलेल्या वेलींना पानंच पानं. घड शोधायला आत वाकावं लागायचं, आणि सापडला तर चार मणी, तेही आंबट. ती मांडवाखाली उभी राहून वेलींना शिव्या द्यायची. "खा! नुसत्या खा! लेकराले दोन मनी देल्ले तं मरान काय?" त्यानंतरच्या पावसाळ्यात मोरचूद-चुना किती मारला तरी गोलातली पानं पिवळी पडू लागली. आधी मधली, मग त्यांच्या भोवतालची. आश्विनात वेली हातानं ओढल्या की उपटून येत होत्या, मुळं काळी, कुजकी. पावसाचं पाणी खाली कुठंतरी साठून राहिलं होतं. तिनं मला निरोप पाठवला. पत्र नाही, निरोप. "सायेबाले म्हना, आता पायाचं काम नाही, कुदळीचं हाये."

मी दोन मजूर बाया घेऊन गेलो. वेली लावताना खड्डे अडीच फुटाचे काढले होते. मी पाच फूट खाली जायला सांगितलं. साडेतीन फुटांवर माती बदलली. वरची लाल, मुरूम मिसळलेली भर संपली आणि खाली निळसर करडी, चिकट माती लागली, तिला कुबट वास. त्या मातीत शिंपले होते. गोगलगाईंची कवचं होती. आणि शिंगाड्याची टरफलं, शिंगं तशीच शाबूत. मी दुसरा खड्डा काढला, तिसरा काढला. कडेला ही माती वर, मध्यावर खोल, थेट कढईच्या आकाराची.

ती बोडी होती. गावाबाहेरच्या शेतात असते तशी लहान तळी. कुणीतरी तिची पाळ आत ढकलून, वर मुरूम पसरून, सपाट करून टाकली होती. कसदार गाळात वेलींची मुळं पोचली तशा वेली माजल्या; मग पावसाचं पाणी बोडीच्या तळाशी साठलं आणि मुळं कुजली. इतकं सरळ. कृषीच्या पहिल्या वर्षाच्या पोरानंही सांगितलं असतं.

दोन्ही मजूर बाया खड्ड्याच्या काठावर बसून एकमेकींकडे बघत होत्या. तेव्हा मला समजलं की यांना माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. ती खाणीच्या चाळीत असताना सरपंचानं बोडी बुजवली होती, आणि बुजवलेली बोडी वाटणीत तिच्या माथी मारली होती. सारं गाव तीन वर्षं त्या गोलात उभं राहून वेलींची तारीफ करत होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता.

ती खड्ड्यात उतरली. शिंगाड्याचं एक टरफल उचलून लुगड्याला पुसलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मंग, सायेब? निंघाली नं खोट? आता हे लिवा. कागदावर लिवा, पंचाले देजा. मले अर्धा एकर कन्हार पाहिजे."

मी म्हणालो, लिहितो. आणि मनात लिहायचंच होतं, खरंच.

तीन दिवसांनी सरपंच माझ्या पवनीच्या खोलीवर आला. सोबत नव्या तांदळाची पिशवी. माझ्या बायकोला सातवा महिना होता. त्यानं तिची चौकशी केली, डॉक्टर कोण म्हणून विचारलं, पाणी मागितलं, प्यायला. अगदी घरच्यासारखा. मग जाता जाता म्हणाला, "वैनगंगेचा पूर जुन्या काळी कुठं कुठं आलता, काही भरवसा नाही सायेब. शिंपले काय, कुठंबी निंघतेत." आणि दारात चप्पल घालता घालता, "सिरोंच्याले म्हनतेत तुमच्या खात्याची जागा खाली हाये. लय लांब पडन नं जी बाईसायबाले?"

एवढंच. आवाजही चढवला नाही त्यानं. त्याचं वर किती चालतं ते मला ठाऊक होतं. अशा दिवसांत सिरोंच्याला बायको कशी नेणार, बाळंतपण कुठं करणार, या विचारानं मला दोन रात्री झोप आली नाही. ही सबब म्हणून सांगत नाही. सबब आहेच, पण झालं ते झालं असं.

पंच मारुतीच्या पारावर बसले. सकाळची वेळ, सारा गाव जमलेला. ती पारापासून दूर, पदर पुढे ओढून, पाठमोरी. तिच्या बाजूनं बोलायला तिसरं माणूस हवं होतं आणि ते माणूस मी होतो. तिनं शेवंताच्या हातून मला निरोप पाठवला, "सायेब, तुमीच माह्यं तोंड." माझ्या हातात अहवाल होता. त्यात मी लिहिलं होतं, "मध्यभागी भारी जमीन. निचरा कमी. चर काढावेत." शिंपले नव्हते, टरफलं नव्हती, कढई नव्हती. सगळं खरं होतं आणि सगळं मिळून खोटं होतं.

तिनं टरफलं आणि शिंपले एका टोपलीत आणले होते. सरपंच म्हणाला, पुराचे आहेत. मग सगळ्यात म्हातारा पंच माझ्याकडे वळला. "सायेब शिकेल मानूस हाये. सांगा जी, हे पुराचे का बोडीचे?"

त्यानं टोपली माझ्या पुढ्यात सरकवली, आतले शिंपले वाजले. मी सरपंचाकडे पाहिलं नाही. तिच्या पाठीकडेही पाहिलं नाही.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

ती वळली नाही. पदराच्या आतून, अगदी नरम आवाजात, एवढंच आलं, "असं का जी."

तोवर मला त्यातला 'जी' कळायला लागला होता.

माझी बदली झाली नाही. मुलगा झाला, पवनीतच. त्या उन्हाळ्यात तिच्याकडून शेवंताच्या हाती टोपलीभर द्राक्षं आली, कडेच्या वेलींची, गोड. बाळंतिणीसाठी. माझ्या बायकोनं मिटक्या मारत खाल्ली. मी एक मणीही तोंडात घातला नाही.

तिनं पुढे काय केलं ते ऐका. मधल्या गोलातल्या उरल्यासुरल्या वेली तिनं स्वतः उपटल्या, मांडवाचे बांबू सोडवून घेतले, आणि मुरूम उकरायला सुरुवात केली. चैत्रात. एकटी, शेवंताला घेऊन. आठवड्यानं एक बाई घमेलं घेऊन आली. मग दोन आल्या. मग बऱ्याच, माझ्याबरोबर खड्ड्याच्या काठावर बसलेल्या त्या दोघीही. बोलली कुणी नाही. रोजी देऊ का विचारलं तर म्हणत, "राहू द्या काकी, पह्यले खोदून घ्या." दोन उन्हाळे खोदलं. काढलेल्या मातीची पुन्हा पाळ घातली. दुसऱ्या पावसाळ्यात तिथं पाणी उभं राहिलं, आणि भोवतीनं कडेच्या वेली, ज्यांच्या मुळाशी आता पाणी साचत नव्हतं आणि ज्यांना उन्हाळ्यात ते बादलीनं मिळत होतं, आधीपेक्षा चांगल्या फळू लागल्या. बोडी होती की नव्हती हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती. पण कन्हार तिला मिळालेला नव्हता. पंचांचा निकाल निकाल होता.

मी त्या बाजूला जायचं टाळत होतो. कामाचे रस्ते दुसरीकडून काढायचो.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस भादव्यात गेला तो गेलाच. धान निसवत होतं, लोंबी बाहेर पडत होती आणि बांध्यांना भेगा. पिकाची पाहणी करायला मला जावंच लागलं. तिच्या बोडीच्या पाळीवर उभा होतो, ती खाली वेलींना पाणी घालत होती. माझ्याशी नीट बोलली, मुलगा कितवीत आहे विचारलं. जणू काही झालंच नव्हतं. मला त्यानं आणखी ओशाळल्यासारखं झालं.

तेवढ्यात सरपंच आला. खंगलेला, काठी टेकत. त्याच्या कन्हाराच्या बांध्या तिच्या बोडीच्या खालच्या अंगाला होत्या, पाट काढला तर अर्ध्या दिवसाचं काम. त्याला पाहून तिनं पदर ओढला आणि पाठ केली. तो पाळीच्या या टोकाला थांबला, ती त्या टोकाला, आणि मध्ये मी.

"सायेब," तो म्हणाला, "तिले म्हना, चार दिवसाचं पानी पाहिजे. धान जाऊन राहिलं."

ती दहा हातांवर होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी सांगितलं, "काकी, ते पाणी मागताहेत."

"सायेब, त्याहिले विचारा, कायचं पानी?"

"काका, काकी विचारतात, कशाचं पाणी?"

"आता हे काय विचारनं झालं? या... याचं." त्यानं काठीनं दाखवलं.

"सायेब, त्याहिले विचारा, याले का म्हनतेत?"

मी तोंड उघडलं आणि मग समजलं. पंचांच्या पारावर जे माझ्या तोंडून यायला हवं होतं ते आता त्याच्या तोंडून काढायचं काम ती मलाच सांगत होती. आजूबाजूच्या बांध्यांतली माणसं धुऱ्यांवर येऊन उभी राहिली होती. मी विचारलं. त्यानं आपल्या बांध्यांकडे पाहिलं. खाली त्याचं धान वाळत होतं, वाऱ्यानं त्याची पाती कोरडी वाजत होती. मी पुन्हा विचारलं. या वेळी माझा आवाज मोठा होता, माझा मलाच तो अनोळखी वाटला.

"बोडी," तो म्हणाला.

"सायेब, त्याहिले विचारा, कोनाची? कवाची?"

"आमच्या बाची," तो म्हणाला. मग काठीवर दोन्ही हात ठेवून, खाली बघत, "जुनी. म्या बुजवली. वाटनीच्या दोन साल आंधी."

आणि तेव्हा, पदर तसाच डोक्यावर ठेवून, पाठ तशीच वळवलेली, ती पहिल्यांदा मला मध्ये न घेता त्याच्याशी बोलली.

"पानी आता सोडते. धानानं तुमचं काही केलं नाही. पन अर्धा एकर द्यान. माफी नोको, मले कन्हार पाहिजे."

पाट त्याच दुपारी काढला. कन्हारातला अर्धा एकर त्या उन्हाळ्यात तिच्या नावावर मोजून दिला गेला. त्याच पंचांनी दिला. मला त्यांनी काही विचारलं नाही, आणि तिनंही नाही.

पुढल्या आषाढात मी तिच्या नव्या बांधीवर गेलो. तिची माफी मागायची होती. वाक्य घोकून गेलो होतो. ती चिखलात वाकलेली, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पाच-सहा बायांच्या रांगेत रोवणा करत होती. पन्नाशी उलटलेली बाई, पण तिची ओळ सगळ्यांत पुढे. मी धुऱ्यावरून हाक मारली, "काकी, मला एक सांगायचंय."

"चप्पल काढा, खाली या," ती म्हणाली आणि हातात धानाच्या रोपांची जुडी दिली. "बोलू नोका, लावा."

मी लावली. माझी ओळ वाकडी जात होती, बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. मला वाटलं, सुटलो. वळून मागे पाहिलं तर ती माझ्या पाठीमागून येत माझी रोपं उपटून पुन्हा सरळ लावत होती, एकेक करून, काही न बोलता. मग संध्याकाळची एसटी निघायची वेळ झाली, आणि माझं वाक्य तसंच राहिलं. मीही ते पुन्हा काढलं नाही, खरं सांगायचं तर. तिनं आपण होऊन माफ केलं असंच मी धरून चाललो.

दिवाळीच्या आधी ती तापानं गेली. आठ दिवसांत. मला कळलं तेव्हा धान कापणीला आलं होतं.

मी गेलो. शेवंता बांधीत विळा घेऊन कापत होती, एव्हाना लग्न होऊन नवऱ्यासह तिथंच राहिलेली. धान छातीपर्यंत वाढलेलं, सगळीकडे सारखं, कुठं उंच नाही, कुठं खुजं नाही. मी चपला हातात घेऊन आत गेलो, तिच्या आईबद्दल चार शब्द बोललो, जे सगळे बोलतात ते.

तिनं विळा खाली ठेवला.

"सायेब, माय म्हने, तुमचं काही बोलाचं राह्यलं हाये. रोवण्यात म्या बोलू देल्लं नाही म्हने, बायाईसमोर त्याहिची लाज नोको जायले. सायेब येतीन, तवा तू आयकून घेजो म्हने. पुरं आयकजो."

आणि ती तिथंच पेंढीवर बसली, हात मांडीवर ठेवून, ऐकायला.

मीही समोर खाली बसलो. पार, टोपली, म्हाताऱ्या पंचाचा प्रश्न, तांदळाची पिशवी, सिरोंचा, सगळं सांगितलं, आणि शेवटी ते, जे तिच्या आईला सांगायचं होतं.

"शेवंता, मला नक्की सांगता येत होतं."